सरासरीपुढील दोन आकडे : विश्वास अंतराल वाचताना होणाऱ्या चुका

खरिपाची तयारी सुरू झाली की शेतकरी बांधवांच्या हाती निरनिराळे कागद येतात. एखादा वाणांच्या चाचणीचा तक्ता असतो, एखादा प्रात्यक्षिकाचा अहवाल, तर एखादी फवारणीच्या औषधाची माहितीपत्रिका. त्यात उत्पादनाची सरासरी दिलेली असते. काही अहवालांत तिच्यापुढे आणखी दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, 'सोयाबीनचे सरासरी उत्पादन हेक्टरी १५ क्विंटल, ९५ टक्के विश्वास अंतराल ११.९ ते १८.१ क्विंटल'.

हे वाचून अनेकांचा समज होतो की, नशिबाने साथ दिली तर अठरा आणि काहीही झाले तरी बारा क्विंटल निघणारच. मग त्या बारा क्विंटलवर बियाणे, खत, मजुरी आणि पीक कर्जाचा हप्ता यांचे गणित मांडले जाते. हे गणित चुकीचे आहे. चूक आकड्यांत नाही, आकडे वाचण्यात आहे. अशी चूक शिकलेल्या माणसांकडून आणि अहवाल लिहिणाऱ्यांकडूनही होते. म्हणून विश्वास अंतराल काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

विश्वास अंतराल म्हणजे काय?

आडत बाजारात सोयाबीन नेले की पोत्यातून थोडे धान्य काढून पाहतात आणि त्यावरून सर्व मालाचा अंदाज घेतात. दुसऱ्या पोत्यातून मूठ काढली तर ओलावा किंवा माती थोडी वेगळी भरेल. म्हणजे नमुना बदलला की अंदाज बदलतो. पिकाच्या उत्पादनाचेही तसेच आहे. एका तालुक्यातील सोयाबीनचे प्रत्येक शेत मोजणे शक्य नसते. म्हणून काही शेते चिठ्ठी टाकून निवडली जातात व त्यांच्या सरासरीवरून सर्व शेतांच्या सरासरीचा अंदाज केला जातो. वेगळी शेते निवडली गेली असती तर अंदाज किती पुढे-मागे झाला असता, हे दाखविण्यासाठी विश्वास अंतराल देतात.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, ते प्रत्यक्ष चाचणीचे नाहीत. समजा, शिरूर अनंतपाळ तालुक्यात साकोळ, येरोळ, उजेड अशा गावांच्या शिवारांतून चिठ्ठीने दहा शेते निवडली. त्यांत सोयाबीनचा हेक्टरी उतारा क्विंटलमध्ये असा मिळाला :

१४, १७, ९, २०, १२, १६, २२, ११, १८, ११

अंतराल काढण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. सर्व आकड्यांची बेरीज १५० येते. तिला १० ने भागल्यास सरासरी १५ क्विंटल.

२. प्रत्येक शेताचा सरासरीपासूनचा फरक काढून त्याचा वर्ग करावा. या वर्गांची बेरीज १६६ येते. तिला शेतांच्या संख्येपेक्षा एक कमी, म्हणजे ९ ने भागावे व आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. ते ४.३ येते. यास प्रमाण विचलन म्हणतात. एक शेत दुसऱ्यापासून साधारण किती वेगळे आहे, हे त्यावरून कळते.

३. प्रमाण विचलनास शेतांच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागावे. १.३६ येतात. ही सरासरीची प्रमाण त्रुटी होय.

४. प्रमाण त्रुटीस तक्त्यातील आकड्याने गुणावे. दहा शेतांसाठी तो २.२६ आहे. शेते वाढली की तो २ च्या जवळ येतो. गुणाकार ३.१ येतो.

५. सरासरीतून ३.१ वजा केल्यास ११.९ आणि त्यात ३.१ मिळविल्यास १८.१. हाच ९५ टक्के विश्वास अंतराल.

आता हा अंतराल वाचताना कोणत्या चुका होतात, ते क्रमाने पाहू.

चूक पहिली : शंभरांपैकी पंच्याण्णव शेतांचा उतारा या अंतरालात असतो

वरील दहा शेतांकडे पुन्हा पाहा. ११.९ ते १८.१ या मर्यादेत १४, १७, १२, १६ आणि १८ ही पाचच शेते बसतात. उरलेली पाच बाहेर आहेत. तीन शेतांचा उतारा बाराच्या खाली आहे. म्हणजे ज्याने 'बारा तर निघणारच' असे धरले, त्याचा हिशेब दहापैकी तीन ठिकाणी चुकला असता.

याचे कारण असे की, विश्वास अंतराल हा सरासरीविषयी आहे, एकेका शेताविषयी नाही. दहा शेतांचे चढउतार सरासरीत एकमेकांत मुरतात. आपल्या एकट्या शेताचे चढउतार असे मुरत नाहीत. नदीकाठच्या काळ्या जमिनीचा आणि माळावरच्या मुरमाड जमिनीचा उतारा एकच असणार नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तरी छापील आकडा दिसला की ही साधी गोष्ट विसरली जाते.

त्याच शिवारातून चिठ्ठीने निवडलेल्या आणखी एका शेताचा अंदाज करावयाचा असेल तर वेगळी रीत वापरावी लागते. वरील उदाहरणात त्या रीतीने ४.८ ते २५.२ क्विंटल अशा मर्यादा येतात. कर्ज फेडण्याचा विचार करताना शेतकऱ्याने ही दुसरी मर्यादा डोळ्यांपुढे ठेवावी. ती रुंद आहे, पण एका शेताबाबत खरी परिस्थितीही तेवढीच अनिश्चित आहे.

चूक दुसरी : खरी सरासरी याच अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे

ही चूक सर्वांत सूक्ष्म आहे आणि जाणकारांकडूनही होते. जत्रेत कडे फेकण्याचा खेळ सर्वांनी पाहिला असेल. उजेडच्या गांधीबाबाच्या यात्रेतील किंवा दुसऱ्या कोणत्याही जत्रेतील तो खेळ आठवा. खुंटी एका जागी रोवलेली असते, ती हलत नाही. हलते ते कडे. शंभर वेळा फेकल्यावर पंच्याण्णव वेळा कडे खुंटीभोवती पडत असेल, तर तो फेकणारा ९५ टक्के भरवशाचा म्हणावा. परंतु एकदा कडे जमिनीवर पडले की खुंटी त्याच्या आत तरी असते किंवा बाहेर तरी. त्या एका कड्याच्या बाबतीत शक्यतेचा प्रश्न उरत नाही.

तालुक्याची खरी सरासरी ही ती खुंटी आहे. फरक एवढाच की ती आपणास दिसत नाही. दहा शेते निवडून काढलेला अंतराल हे कडे आहे. दुसरी दहा शेते निवडली की कडे दुसरीकडे पडेल. ९५ टक्के हा भरवसा कडे फेकण्याच्या पद्धतीचा आहे. हाती आलेला अंतराल उरलेल्या पाचांपैकी एक असू शकतो आणि तो तसा आहे की नाही, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एकाच चाचणीवर सर्व क्षेत्र लावू नये. आणि भरवसा पद्धतीचा असल्यामुळे पद्धत पाळली गेली का, हे प्रथम विचारावे. शेते चिठ्ठीने न निवडता रस्त्यालगतची, पाण्याची किंवा ओळखीच्यांची घेतली असतील, तर ९५ टक्के हा शब्द लिहूनही उपयोग नाही.

चूक तिसरी : अंतराल दिला म्हणजे सर्व चुका त्यात आल्या

अंतरालात येतो तो केवळ नमुना निवडताना योगायोगाने पडणारा फरक. काटा चुकीचा असेल, माल ओला असेल, चौकोनाची दोरी सैल असेल, तर त्या चुका अंतरालात दिसत नाहीत. उलट प्रत्येक शेतात तीच चूक झाली तर अंतराल अरुंद राहतो आणि आकडा अगदी अचूक वाटतो.

ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातील एका शास्त्रज्ञाने देशाला दाखवून दिली. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले आणि १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्या काळात तेथे जर्झी नेमन हे पोलंडचे गणिती काम करीत होते. नेमन यांनी पोलंडमध्ये असताना शेतीच्या प्रयोगांवर काम केले होते आणि विश्वास अंतरालाची उपपत्ती त्यांनीच १९३० नंतरच्या दशकात मांडली. सुखात्मे त्यांच्या सहवासात नमुना पाहणीचे शास्त्र शिकले.

१९४० साली सुखात्मे भारतीय कृषी संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेत दाखल झाले. त्यांनी व डॉ. व्ही. जी. पानसे यांनी शेते चिठ्ठीच्या तत्त्वाने निवडून पीक कापणी प्रयोग करण्याची पद्धत देशात रुजविली. दोघांनी मिळून लिहिलेले, शेती संशोधकांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरील पुस्तक १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर कृषी पदवीधरांच्या पिढ्या तयार झाल्या.

त्या वेळी एक वाद होता. प्रा. महालनोबिस यांच्या पाहणीत लहान तुकडे कापले जात. तुकडा लहान असला की थोड्या खर्चात पुष्कळ तुकडे होतात आणि अंतराल अरुंद होतो. सुखात्मे यांनी लहान व मोठे तुकडे शेजारी कापून पाहिले आणि लहान तुकड्यांत उत्पादन फुगलेले दिसते, असे दाखविले. १९४६ साली त्यांनी हे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात मांडले.

असे का होते, ते सोयाबीनवर ताडून पाहता येते. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर आहे आणि एक मीटरचा चौकोन टाकला, तर त्यात हिशेबाने २.२ ओळी यावयास हव्यात. प्रत्यक्षात दोन तरी येतात किंवा तीन तरी. काठावरची ओळ आत घेण्याकडे हात वळतो. तीन ओळी घेतल्या तर उतारा सुमारे ३५ टक्क्यांनी फुगतो. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद चौकोनात काठाच्या ओळीचा वाटा फारच थोडा असतो. म्हणून अंतराल अरुंद आहे एवढ्यावर समाधान मानू नये. माप कसे घेतले, हे विचारावे.

चूक चौथी : दोन अंतराल एकमेकांवर आले म्हणजे वाणांत फरक नाही

समजा, सहा शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात जुना व नवा वाण शेजारी-शेजारी पेरला. हेक्टरी उतारा क्विंटलमध्ये असा आला :

पहिले शेत : जुना १०, नवा १२
दुसरे शेत : जुना २०, नवा २१
तिसरे शेत : जुना १४, नवा १६
चौथे शेत : जुना १७, नवा १८.५
पाचवे शेत : जुना १२, नवा १३
सहावे शेत : जुना २३, नवा २४.५

जुन्या वाणाची सरासरी १६ आणि अंतराल १०.८ ते २१.२. नव्याची सरासरी १७.५ आणि अंतराल १२.५ ते २२.५. दोन्ही अंतराल मोठ्या प्रमाणात एकमेकांवर येतात. तक्ता पाहणारा म्हणेल, 'फरक काहीच नाही'.

परंतु सहाही शेतांत नवा वाण पुढे आहे. येथे प्रत्येक शेतातील फरक पाहावयास हवा. ते फरक २, १, २, १.५, १ आणि १.५ असे आहेत. त्यांची सरासरी १.५ आणि अंतराल १.० ते २.० क्विंटल. म्हणजे एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंतचा मोठा फरक जमिनीचा होता. वाणाचा फरक लहान पण सातत्याचा आहे. तुलना करावयाची असेल तेव्हा दोन अंतराल शेजारी ठेवून न पाहता फरकाचा अंतराल मागावा.

हा फरक घरच्या हिशेबात आणावा. हेक्टरी दीड क्विंटल म्हणजे एकरी सुमारे ६० किलो. खालची मर्यादा धरली तर एकरी सुमारे ४० किलो. नव्या बियाण्याच्या बॅगेसाठी द्यावी लागणारी जादा रक्कम ४० किलो सोयाबीनच्या किमतीपेक्षा कमी असेल, तरच तो वाण परवडणारा समजावा.

चूक पाचवी : फरक सार्थक नाही म्हणजे परिणाम नाही

अहवालात 'फरक सार्थक आढळला नाही' असे वाक्य पुष्कळदा येते. त्याचा अर्थ 'उपयोग शून्य' असा घेतला जातो. समजा, एका फवारणीमुळे पाच शेतांत सरासरी दोन क्विंटल वाढ दिसली, पण वाढीचा अंतराल वजा १ ते अधिक ५ क्विंटल आला. यात शून्यही येते आणि पाचही येतात. फवारणीने नुकसान झाले असेल किंवा चांगला फायदाही झाला असेल. पाच शेतांवरून ते ठरविता आले नाही, एवढेच त्या वाक्याचे सांगणे आहे.

आता दुसरी फवारणी चाळीस शेतांत केली आणि वाढीचा अंतराल वजा ०.२ ते अधिक ०.३ क्विंटल आला. यातही शून्य आहे, परंतु बातमी निराळी आहे. येथे सरासरी फायदा झालाच तर हेक्टरी ३० किलोच्या वर जाण्याची चिन्हे नाहीत. त्यात फवारणीचा खर्चही निघेल की नाही, याचा विचार करावा.

विक्रेता पहिल्या फवारणीबद्दल 'दोन क्विंटल वाढ' एवढेच सांगेल. टीकाकार 'काहीच उपयोग नाही' एवढेच सांगेल. दोघेही अर्धे सांगतात. शेतकऱ्याने दोन्ही टोके पाहावीत आणि टोके फार दूर असतील तर थोड्या क्षेत्रावर स्वतः करून पाहावे.

चूक सहावी : यंदाचा अंतराल पुढील वर्षीही लागू पडतो

एका हंगामातील शेतांवरून काढलेला अंतराल त्या हंगामापुरता असतो. लातूर जिल्ह्यास हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१५ च्या खरिपात पावसाने ओढ दिली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच २०१६ च्या पावसाळ्याअखेर अतिवृष्टीने शेतात पाणी साचले. २०१५ साली शंभर शेते मोजून काढलेला अरुंद अंतरालही २०१६ च्या पिकाबद्दल काही सांगू शकला नसता. म्हणून वाणाची शिफारस करण्यापूर्वी तो अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत तपासतात. एका वर्षाच्या प्रात्यक्षिकावर आधारलेला आकडा पाहिला की, त्या वर्षी पाऊस कसा होता, हे आधी आठवावे.

पीक विमा आणि कापणी प्रयोग

सरासरी व एक शेत यांतील फरक सर्वांत जास्त बोचतो तो पीक विम्यात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनातील घट ही एकेका शेताची न पाहता विमा क्षेत्राची पाहिली जाते. आपल्याकडे प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे विमा क्षेत्र धरले जाते. मंडळातील कापणी प्रयोगांच्या आधारे आलेली सरासरी उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी भरली, तर जेवढी तूट असेल त्या प्रमाणात भरपाई निघते.

वरील दहा शेतांचाच आकडा मंडळाचा आहे आणि उंबरठा उत्पन्न १४.५ क्विंटल आहे, असे समजू. सरासरी १५ आहे. ज्याच्या शेतात ९ क्विंटल निघाले त्यालाही उत्पादनावर आधारित भरपाई मिळणार नाही. त्याचे नुकसान खोटे नाही आणि सरासरीही खोटी नाही. योजना सरासरीवर चालते, हे त्याचे कारण आहे. दुसरी बाब अशी की, दहा प्रयोगांच्या सरासरीचा अंतराल ११.९ ते १८.१ इतका रुंद आहे. उंबरठा त्याच्या मधोमध पडतो. तरीही निर्णय एका आकड्यावर करावा लागतो.

म्हणूनच कापणी प्रयोगातील प्रत्येक किलोला महत्त्व आहे. दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन म्हणजे ५० चौरस मीटर, हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यात साडेसात किलो धान्य निघाले तर हेक्टरी १५ क्विंटल होतात. ओल्या मालामुळे किंवा काठावरच्या झाडांमुळे प्रत्येक चौकोनात अर्धा किलो जास्त भरला, तर हेक्टरी एक क्विंटल वाढतो. वरील उदाहरणात खरी सरासरी १४ असताना कागदावर १५ येईल आणि संपूर्ण मंडळाची भरपाई जाईल. अर्धा किलो कमी भरला तर उलट बाजूने चूक होईल.

आपल्या गावात कापणी प्रयोग असेल तेव्हा शेतकऱ्यांनी हजर राहावे. चौकोनाची जागा नियमाप्रमाणे ठरली आहे का, दोरी ताणलेली आहे का, काठाच्या झाडांचा निर्णय नियमाने होतो का, वजन कोरडे की ओले आहे, हे पाहावे. मात्र 'साहेब, हलक्या भागात चौकोन टाका' असा आग्रह धरू नये. तसे केल्यास चिठ्ठीचे तत्त्व मोडते. मग ९५ टक्क्यांचा भरवसा राहत नाही आणि खऱ्या नुकसानीच्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

गावपातळीवर स्वतःची चाचणी

नवा वाण किंवा नवे औषध घेण्यापूर्वी सहा ते दहा शेतकऱ्यांच्या गटाने पुढीलप्रमाणे चाचणी घ्यावी.

१. प्रत्येकाने एकाच शेतात, एकाच प्रकारच्या जमिनीत दोन सारखे पट्टे आखावेत.

२. कोणत्या पट्ट्यात नवे व कोणत्या पट्ट्यात जुने, हे नाणे उडवून ठरवावे. चांगला पट्टा नव्यासाठी राखू नये.

३. पेरणीची तारीख, खत, आंतरमशागत व फवारण्या दोन्हीकडे सारख्या ठेवाव्यात. ज्या एका गोष्टीची चाचणी आहे तेवढीच वेगळी असावी.

४. दोन्ही पट्ट्यांची रास वेगळी करावी. धान्य सारखे वाळवून एकाच काट्यावर तोलावे.

५. एखाद्या शेतात नवे मागे पडले तरी तो आकडा वगळू नये. वाईट आकडे वगळले की सरासरी फुगते आणि अंतराल खोटा ठरतो.

६. प्रत्येक शेतातील फरक लिहून वर दिलेल्या रीतीने फरकाचा अंतराल काढावा. सहा शेतांसाठी तक्त्यातील आकडा २.५७ घ्यावा. गणितासाठी गावातील शिक्षकांची किंवा कृषी विज्ञान केंद्राची मदत घ्यावी.

शेते चौपट केली तर अंतराल साधारण निम्मा होतो. दुप्पट केल्याने निम्मा होत नाही. म्हणून शेजारच्या गावांच्या गटांनी एकाच पद्धतीने चाचणी घेऊन आकडे एकत्र केल्यास सर्वांचाच फायदा आहे.

अहवाल हाती आल्यावर विचारावयाचे प्रश्न

१. हा आकडा किती शेतांवरून आणि किती हंगामांवरून काढला आहे?

२. शेते कशी निवडली? त्यांतील जमीन व पाणी माझ्यासारखे आहे का?

३. दिलेली मर्यादा सरासरीची आहे की एका शेताची?

४. तुलना असेल तर फरकाचा अंतराल दिला आहे का?

५. माप व वजन कसे घेतले?

६. फरकाचे खालचे टोक धरले तरी माझा खर्च निघतो का?

विक्रेत्याकडे किंवा अहवाल देणाऱ्याकडे यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर पुढचे आकडे कितीही बारीक दशांशात असले तरी त्यांवर पैसा लावू नये.

विश्वास अंतराल हे उपयुक्त साधन आहे. नुसत्या सरासरीपेक्षा तो प्रामाणिक आहे, कारण आपला अंदाज किती पुढे-मागे होऊ शकतो, याची कबुली तो देतो. मात्र ती कबुली सर्व शेतांच्या सरासरीबद्दल आहे. आपल्या शेताची हमी तीत नाही. वरच्या दहा शेतांत ९ क्विंटलचे शेतही कोणाचे तरी होते. खर्चाचे व कर्जाचे गणित मांडताना ते शेत आपले असू शकते, असे धरून मांडावे. मग अठरा निघाले तर आनंदच आहे आणि नऊ निघाले तरी घर उभे राहील.